घरची दुर्बीण आणि बेभरवशाचे आभाळ

मुलांच्या हट्टाखातर घरात दुर्बीण येते. चार रात्री गच्चीवर सारे कुटुंब जमते. पुढे आभाळ भरून येते, परीक्षा जवळ येतात आणि दुर्बीण माळ्यावर जाते. त्यात पैसा अडकतोच, पण मुलाची जिज्ञासाही तेथेच धूळ खात पडते, हे नुकसान अधिक मोठे.

एरवी माल पारखून घेणारा व्यापारीही येथे खोक्यावरील ‘पाचशे पट मोठे’ या आकड्याला भुलतो. दुर्बिणीचे खरे भांडवल म्हणजे तिच्या मुख्य भिंगाचा अथवा आरशाचा व्यास. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट गोळा होतो. दर मिलिमीटर व्यासामागे साधारण दोन पट एवढेच वर्धन उपयोगी ठरते. म्हणजे ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा सुमारे १४० पट. त्यापुढे प्रतिमा केवळ धूसर होत जाते. शनीचे कडे तर ५० पटीतही दिसते. दोन ढगांमधील अर्ध्या तासात चटकन बाहेर काढता येईल, अशी हलकी दुर्बीणच अधिक वापरली जाते. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींच्या आकाशदर्शनास एकदा जाऊन मगच खरेदी करणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आकाशाचा भरवसा नसतो. त्या काळात दमटपणामुळे भिंगावर बुरशी धरते. म्हणून दुर्बीण कोरड्या जागी, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. पावसाळ्यानंतरही प्रत्येक निरभ्र रात्र सारखी नसते. तारे फार लुकलुकत असतील तर हवा अस्थिर असते आणि ग्रहांचा तपशील मिळत नाही. चंद्र पाहावा तो पौर्णिमेस नव्हे, तर शुद्ध सप्तमी-अष्टमीस. तेव्हा प्रकाश-छायेच्या सीमेवर विवरे ठसठशीत दिसतात. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र शहराच्या उजेडातही लहान दुर्बिणीतून दिसतात. मात्र दुर्बिणीच्या पुढील तोंडावर योग्य सौर गाळणी बसविल्याशिवाय सूर्याकडे कदापि पाहू नये; क्षणात दृष्टी जाऊ शकते.

फ्रेंच ज्योतिर्विद ल जाँतील १७६० मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी पाँडिचेरीकडे निघाला. युद्धामुळे १७६१ चा योग समुद्रावरच गेला. त्याने आठ वर्षे वाट पाहिली आणि १७६९ च्या त्या सकाळी नेमके ढग आले. तो मायदेशी परतला तेव्हा त्याला मृत समजून वारस इस्टेटीची वाटणी करीत होते. तरीही पाँडिचेरीच्या मुक्कामात त्याने भारतीय ग्रहणगणिताची पद्धत शिकून घेतली होती.

घरच्या निरीक्षकानेही एक वही ठेवावी. तिथी, वेळ, हवेची स्थिती आणि दिसलेले रूप तीत रोज लिहावे. ज्या रात्री ढग असतील, त्या रात्री ‘ढगाळ’ अशी नोंद करावी आणि मुलासह पुढील निरभ्र रात्रीचा नकाशा अभ्यासावा.