कागदापलीकडचा माणूस

भोरमध्ये कार्यालयीन कामकाज शिकवणारा एक वर्ग आहे. नवी मुले आली की पहिल्या दिवशी त्यांच्याशी चार शब्द बोलायला मला बोलावतात. 'कवीचे इथे काय काम?' हा प्रश्न मुलांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतो. काही मुले भोर शहरातली असतात, काही हिर्डस मावळातली, तर काही वेल्ह्याकडची. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे. तिकडची मुले सकाळची एसटी धरून नसरापूर, कापूरहोळ करीत येतात आणि वर्गात बसेपर्यंतच दमून जातात. त्यांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो : 'हे शिकून नोकरी लागेल का?'

प्रश्न रास्त आहे. शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कारखान्यांत माल आला-गेला याची नोंद ठेवणारा, बिले करणारा माणूस लागतोच. पतसंस्था, शाळा, वकिलांची कचेरी, सेवा केंद्र इथेही तो लागतो. पण नोकरी देणे माझ्या हाती नाही. हे काम काय आहे, एवढेच मी सांगू शकतो.

मी सुरुवात करतो ती नीरेकाठच्या राजवाड्यापासून. मुलांना तो सिनेमाच्या चित्रीकरणामुळे ठाऊक असतो. त्या वाड्याचे धनी पंतसचिव. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिव हे एक पद होते. राज्यातून बाहेर जाणारे प्रत्येक पत्र तपासायचे, एखादे अक्षर कमी-जास्त झाले असेल तर दुरुस्त करायचे, परगण्यांचे हिशेब पाहायचे, हे त्याचे काम. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना हे पद मिळाले, ते त्यांच्या घराण्यात राहिले आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत भोरचे राजे पंतसचिव म्हणूनच ओळखले गेले. म्हणजे मुलांनो, तुमच्या गावाचे राजेपणच मुळी कागद तपासण्याच्या कामातून आलेले आहे! कारकुनीला हलके समजणाऱ्याला हे जरूर सांगा.

सचिवाला आधी सुरनीस म्हणत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावे मिळाली. पण कचेरीत रोज लागणारे फारसी-अरबी शब्द मराठीने सोडले नाहीत. दफ्तर, कारकून, अर्ज, मसुदा, नक्कल, तारीख, दाखला. हे शब्द माझ्या घरात जितके आहेत, तितकेच तुमच्याही घरात आहेत. त्यातला 'सही' हा शब्द मला फार आवडतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ बरोबर, निर्दोष. सही करणे म्हणजे नुसते नाव खरडणे नव्हे. 'मी पाहिले, हे बरोबर आहे' अशी ती ग्वाही आहे. (पगार हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला. तो महिनाअखेरीस येतो!)

आता अभ्यासक्रमाकडे वळू. पहिली पायरी टंकलेखनाची. १९९१ साली मी बी.ए. झालो, कवितेवर पोट भरेना, म्हणून टायपिंगच्या क्लासला गेलो. तेव्हा टाईपरायटरच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. आता महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा संगणकावर होते. मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. पण वेगाआधी अचूकता. शिवाय मराठी मजकूर युनिकोडमध्येच करायची सवय ठेवा. एखाद्या जुन्या फाँटमध्ये केलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की त्याची अगम्य रांगोळी होते.

दुसरी पायरी नोंदीची. आलेला कागद आवक नोंदवहीत, गेलेला जावक नोंदवहीत, प्रत्येकाला क्रमांक आणि तारीख. अर्ज घेतला की पोच द्यायची. हा उपकार नव्हे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने, अधिसूचित सेवांसाठी पोच आणि ठरावीक मुदत हा नागरिकाचा हक्क केला आहे.

तिसरी पायरी कागद लावून ठेवण्याची. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत 'सहा गठ्ठे' पद्धत आहे. आज ज्यावर काम करायचे ती प्रकरणे एका गठ्ठ्यात. कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेली दुसऱ्यात. ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रे तिसऱ्यात. कायमचे आदेश चौथ्यात. काम संपून अभिलेख कक्षात जायची पाचव्यात आणि नष्ट करायचे कागद सहाव्यात. ऐकायला साधे वाटते. पण थांबलेले प्रकरण चालू कामात मिसळले की ते तळाशी जाते, आणि त्याबरोबर एक माणूसही तळाशी जातो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आजोबा गेल्यावर जमिनीला वारसनोंद लावायची होती. सातबाऱ्यावर आमचे आडनाव 'मुलाणी', रेशनकार्डावर 'मुल्लाणी'. एका ल चा फरक. अब्बा कापडी पिशवीत कागद घेऊन एका कचेरीत हेलपाटे घालू लागले. कुणी म्हणे, साहेब रजेवर आहेत. कुणी म्हणे, कागद अपुरे आहेत. कुठला कागद अपुरा, ते कुणी सांगेना. तीन वर्षे गेली. मग तिथे एक नव्या बाई आल्या. त्यांनी अब्बांना बसायला सांगितले, प्रकरण पहिल्या पानापासून वाचले आणि विचारले, "चाचा, दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र हवं, हे तुम्हांला कुणीच सांगितलं नाही?" मग काय काय जोडायचे ते एका चिठ्ठीवर लिहून, खाली तारीख घालून दिले. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागली असतील. काम झाले, अब्बांच्या डोळ्यांदेखत झाले. ती चिठ्ठी त्यांनी शेवटपर्यंत पिशवीत जपून ठेवली होती. सातबारा मात्र एकदा हरवला!

भोर-वेल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यात भाटघर, पानशेत, वरसगाव अशी धरणे झाली. कितीतरी घरांची शेते पाण्याखाली आहेत आणि हक्क मात्र कागदावर आहे. अशा घरातला म्हातारा तुमच्या टेबलासमोर उभा राहील, तेव्हा त्याच्याकडे दुसरे काहीच नसेल, हे लक्षात ठेवा.

यंदा वेल्ह्याकडच्या एका मुलीने धीर करून विचारले, "सर, आता यंत्रच पत्र लिहून देतं. मग आम्ही हे कशाला शिकायचं?"

मी म्हणालो, "बेटा, यंत्र पत्र लिहील, आणि माझ्यापेक्षा सुबक लिहील. पण समोरच्या माणसाचं आडनाव मुलाणी की मुल्लाणी, हे त्याला विचारून घ्यायचं काम तुझं. चूक झाली तर हेलपाटे यंत्राला पडत नाहीत."

ती हसली. मग वही उघडून तिने पहिल्या पानावर आपले पूर्ण नाव लिहिले, एकदा वाचून पाहिले आणि एक वेलांटी दुरुस्त केली. मी मनात म्हटले, हिचा अभ्यासक्रम सुरू झाला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)