भेग

पाटोद्याच्या वर, बालाघाटच्या पठारावर नानांच्या रानात बोअरची गाडी लागली ती रात्री अकराला. तमिळनाडू पासिंगची. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलता येईना. आधी मुरूम निघाला, मग काळ्या पाषाणाची राखेसारखी कोरडी भुकटी. ८० फुटांवर ती विटकरी झाली. म्हणजे गेरू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा थिजला, त्याचा माथा कुजून लाल झाला आणि वरून दुसरा लाव्हा पसरला. त्या दोघांमधला हा थर. पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवली होती, त्याबद्दल मी काही बोललो नाही. ठणक पाषाणात पाणी नसतंच, भेग लागली तरच ते मिळतं.

१४० फुटांवर भुकटीत पांढरं काहीतरी चमकलं. नानांनी बॅटरी धरली. "चांदी लागली का काय?"

गारगोटीच्या कपच्या होत्या. पण नाना अगदीच चुकले नव्हते. पाषाणाच्या फटींतून कधीकाळी पाणी फिरलं आणि जाताना गारगोटी सोडून गेलं. चांदीच्या शिराही अशाच भरतात. भूकवच तुटतं, तडे खोल जातात, खालचं गरम, खारट पाणी त्यांतून चढतं, वर येऊन निवतं किंवा उकळतं, आणि त्यातली चांदी तड्याच्या भिंतींना धरते. तडा पुन्हा सरकला की वाट पुन्हा मोकळी होते, नवा थर बसतो. आपल्याकडचं असं जुनं, मोडलेलं कवच लाव्ह्याखाली गाडलेलं आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट आणि खालचा गाळाचा पातळ थर ओलांडल्यावर ते लागलं. त्यात चांदी असेलच असं मात्र कुणी समजू नये. देशातली बहुतेक चांदी राजस्थानातून येते, तीही शिसं-जस्ताच्या सोबतीनं.

१६५ फुटांवर धुरळा एकदम बसला. भुकटीचा चिखल झाला, मग पाणी उसळलं आणि आम्ही सगळे भिजलो. दीड इंच. गाडीवाला आणखी खाली जाऊ म्हणाला, फुटावर पैसे मिळतात त्याला. भूजल कायद्याची मर्यादा ६० मीटरची, म्हणजे जेमतेम २०० फूट. नानांनी १९०ला थांबवलं.

चैत्रात शेजारच्या रानात, बांधापासून ४० फुटांवर बोअर झाला. त्यालाही १७०च्या आसपासच पाणी लागलं. आठवड्यात आमचा अर्ध्या इंचावर आला.