सापडलं, वाटतं, माहीत नाही

२०१३ च्या जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी त्याच्या मुलीला सहावीत घालायला शाळेत आला. प्रवेशाचं काम झालं, चहा झाला. जाता जाता तो मुलीला म्हणाला, "हडप्पा संस्कृती बाईंकडून ऐक. आर्य घोड्यांवरून आले आणि मोहेंजोदडोमध्ये एका दिवसात कत्तल झाली. रस्त्यात सांगाडे पडलेत, उचलायला कुणी नाही. बाई सांगायच्या तेव्हा वर्ग चिडीचूप व्हायचा."

मी हसले, पण बरं वाटलं नाही. कारण तसं काही घडल्याचा पुरावा नाही, हे मला एव्हाना कळलं होतं. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्पा इथे उत्खनन केलं आणि त्यानंतर या संस्कृतीच्या शेवटाचा ठपका आक्रमकांवर ठेवला. मोहेंजोदडोमध्ये मिळालेले काही सांगाडे हा त्यांचा एक आधार होता. पुढे १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी ते सगळे पुरावे पुन्हा तपासले. सांगाडे जेमतेम सदतीस. तेही एका थरातले, एका काळातले नाहीत. कत्तलीच्या जागी सापडावीत तशी शस्त्रं नाहीत, जळिताचा थर नाही. आर्य कोण, कुठून आणि केव्हा आले, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. मी बोलते आहे ती फक्त त्या 'एका दिवसातल्या कत्तली'बद्दल.

मी शिकवायला लागले १९८९ मध्ये. म्हणजे डेल्स यांचा लेख येऊन पंचवीस वर्षं झाली होती. मी मात्र माझ्या कॉलेजच्या वह्यांतलं सांगत राहिले. एका प्रशिक्षणात चूक कळल्यावर सांगणं बंद केलं, पण आधी ज्यांना सांगितलं होतं त्यांच्याकडून ते वाक्य परत कसं घेणार? ते घरोघरी पोचलं होतं, आणि आता माझ्यासमोर पुढच्या पिढीकडे चाललं होतं.

त्या वर्षी ठरवलं, हडप्पा एकटीने शिकवायचं नाही. इतिहासाच्या तासाला गोष्ट रंगते आणि मुलं मान डोलावतात. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या तासाला मात्र तीच मुलं "कशावरून?" असं विचारतात. ही सवय इतिहासात आणायची, तर ते विषयच इतिहासात आणायला हवेत, असा साधा विचार होता.

पहिला प्रयत्न फसला. गणित, विज्ञान, भूगोल, मराठी आणि चित्रकला या पाच विषयांच्या शिक्षकांना मी 'हडप्पा सप्ताह' करायला लावला. चित्रकलेत थर्माकोलचं महास्नानगृह झालं, मराठीत 'मी मोहेंजोदडो बोलतोय' असा निबंध झाला, गणितात 'एका हडप्पावासीयाने बारा मणी विकले' अशी उदाहरणं झाली. प्रदर्शन लागलं, फोटो निघाले. थर्माकोलच्या प्रतिकृती बहुतेक पालकांनी करून दिल्या होत्या. मी मुलांना विचारलं, "काय नवीन कळलं?" तर उत्तर आलं, "हडप्पाचे लोक प्रगत होते." हे वाक्य धड्यात आधीच होतं. सगळ्या विषयांवर हडप्पाचं नाव चिकटवलं होतं, पण हडप्पाबद्दल कुठल्याच विषयाने काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. प्रत्येक मुलाच्या वहीत तीन रकाने आखले: सापडलं, वाटतं, माहीत नाही. कुठल्याही तासाला हडप्पाविषयी जे वाक्य येईल ते यांपैकी एका रकान्यात टाकायचं आणि का, ते सांगायचं. शिक्षकांना मी एवढंच म्हटलं, की तुमच्या विषयाला जे खरोखर तपासता येईल तेवढंच घ्या.

गणिताच्या सरांनी वजनं घेतली. हडप्पाच्या नगरांत चर्ट या कठीण दगडाची, घासून गुळगुळीत केलेली घनाकार वजनं मिळतात. त्यांचं प्रमाण १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असं दुपटीने चढत जातं. पुढे मोठ्या वजनांत १६०, २००, ३२० असे दशमानाचे टप्पे येतात. सर्वांत लहान एकक साधारण ०.८६ ग्रॅमचं, आणि सोळा एककांचं, म्हणजे सुमारे १३.७ ग्रॅमचं वजन सर्वाधिक आढळतं. एका मुलीच्या वडिलांचं सराफी दुकान होतं, त्यांनी छोटा काटा दिला. मुलांनी शाडूची वजनं केली, ग्रॅमला ग्रॅम जुळवली. चार दिवसांनी पाहिलं तर वाळून सगळी हलकी झालेली, चौदा ग्रॅमचं अकरावर आलेलं. वजनाला कठीण दगडच का निवडला असेल, हे मला सांगावं लागलं नाही.

मग सरांनी विचारलं, पहिल्या सात वजनांतलं एकेकच घेतलं तर कुठली कुठली मापं तोलता येतील? १ पासून १२७ पर्यंत प्रत्येक. शंभर हवेत? ६४, ३२ आणि ४. मुलं अर्धा तास ताळा करत बसली. एकाने घरी आजोबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, आमच्या वेळी शेराचे सोळा छटाक आणि रुपयाचे सोळा आणे होते. मुलगा धावत आला, "बाई, आपले आणे हडप्पातून आले!" वाक्य फळ्यावर लिहिलं आणि रकाना विचारला. दोन्हीकडे सोळा आहेत हे 'सापडलं'. एकातून दुसरं आलं हे फार तर 'वाटतं'. कारण कुठलीही गोष्ट चार वेळा निम्मी केली की सोळा भाग होतात, त्यासाठी हडप्पाच लागतं असं नाही. हे शेवटचं कारण त्या मुलाच्याच बाकावरून आलं.

विटांचंही तसंच. हडप्पाच्या विटेची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात, उदाहरणार्थ ७, १४ आणि २८ सेंटिमीटर. मुलांनी आपापल्या गल्लीत चाललेल्या बांधकामावरच्या विटा मोजून आणल्या. त्यांची लांबी रुंदीच्या दुपटीच्या आसपास निघाली. दोन विटा शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी एका विटेच्या लांबीएवढी होते. त्यामुळे एका थरात वीट आडवी आणि पुढच्या थरात उभी ठेवली की सांध्यावर सांधा येत नाही, हे एका गवंड्याने शाळेच्या कुंपणापाशी रचून दाखवलं.

महास्नानगृहाचं माप लांबी १२ मीटर, रुंदी ७ मीटर, खोली सुमारे २.४ मीटर. मुलांनी घनफळ काढलं: काठोकाठ भरलं तर दोन लाख लिटर. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो, दहा हजार लिटरचा. म्हणजे वीस टँकर. लगेच एक मुलगी म्हणाली, "बाई, एवढं पाणी शेंदायला कोण होतं?" शेजारच्या एका खोलीत विहीर आहे, ती सापडली आहे. तिच्यातून पाणी घेत असावेत, असं वाटतं. पण ते कोण शेंदत होतं, त्याला त्याबद्दल काय मिळत होतं, त्याला त्या तलावात उतरू देत होते का, हे माहीत नाही. पंचवीस वर्षं मी महास्नानगृह शिकवलं होतं. हा प्रश्न मला पडला नव्हता. पाणी वाहणाऱ्या घरातल्या मुलीला तो पहिल्याच दिवशी पडला.

चित्रकला आणि मराठी एकत्र घेतले ते मुद्रांसाठी. खऱ्या मुद्रा बहुधा शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरून मग भट्टीत भाजलेल्या असत. आम्ही कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या घेतल्या. मुलांनी आपली नावं कोरली, ओल्या मातीवर दाबली आणि नावं उलटी उमटली. मुद्रा उलटी कोरावी लागते हे साबणाने शिकवलं.

मग मराठीच्या बाईंनी खेळ घेतला. अर्ध्या वर्गाने स्वतःची चिन्हं ठरवून पाच चिन्हांत एक निरोप लिहायचा, उरलेल्यांनी तो वाचायचा. कुणालाच येईना. "आणखी थोडं लिहा ना," वाचणारे ओरडायला लागले. हडप्पा लिपीची अडचण नेमकी हीच आहे. इरावतम महादेवन यांनी १९७७ मध्ये केलेल्या सूचीत ४१७ चिन्हं आहेत. लेख मात्र सरासरी पाचेक चिन्हांचे, आणि एका बाजूवरचा सर्वांत मोठा लेख सतरा चिन्हांचा. इजिप्तची लिपी शांपोलियनने १८२२ मध्ये उलगडली, कारण रोझेटा शिळेवर तोच मजकूर ग्रीकमध्येही होता. हडप्पासाठी अशी शिळा मिळालेली नाही. मेसोपोटेमियातल्या एका मुद्रेवर मात्र 'मेलुहाच्या भाषेचा दुभाषा' असा एका माणसाचा उल्लेख आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. ती भाषा समजणारा एक माणूस होता, त्याचा हुद्दाही कळतो, पण भाषा हाती लागत नाही. याचं मुलांना फार वाईट वाटलं.

तेव्हाच एकाने विचारलं, "लिपी वाचताच येत नाही, तर 'पशुपती' हे नाव कुणी वाचलं?" कुणीच वाचलेलं नाही. जॉन मार्शल यांनी १९३१ च्या ग्रंथात त्या आकृतीची शिवाशी तुलना केली आणि नाव रूढ झालं. 'नर्तकी'चंही तेच. साडेदहा सेंटिमीटरची ब्राँझची मूर्ती सापडली. ती नाचणारी आहे, हे आपल्याला वाटलं.

विज्ञान आणि भूगोलाकडे शेवट सोपवला होता, कारण माझी चूक तिथे होती. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी जगाच्या अनेक भागांत कोरडा काळ आला. त्या टप्प्याला २०१८ मध्ये 'मेघालयन' हे नाव मिळालं, कारण त्याची प्रमाण खूण मेघालयातल्या मॉमलुह गुहेत, छताच्या ठिबकणाऱ्या पाण्यातून वाढलेल्या चुनखडीच्या खांबात आहे. विज्ञानाच्या बाईंनी हे अलीकडच्या वर्षांत घ्यायला सुरुवात केली. दगडाच्या थरांतून पाऊस कसा वाचतात, हे त्या झाडाच्या वर्तुळांपासून समजावतात. भूगोलाचे सर नकाशावर धोलावीरा दाखवतात. तिथे दोन ओढ्यांच्या मधे वसलेल्या नगराने पावसाचं पाणी अडवायला मोठाले तलाव खोदले होते. पाऊस घटला, नद्यांची पात्रं बदलली, मेसोपोटेमियाशी व्यापार आटला. इ.स.पू. १९०० च्या सुमारास मोठी नगरं ओस पडत गेली आणि माणसं लहान वस्त्यांत पांगली. यातलं कुठलं कारण किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. म्हणून तेही मधल्या रकान्यात.

पांगलेली माणसं कुठे गेली, या प्रश्नाचं एक उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथल्या उत्खननात उत्तर हडप्पा काळाचा थर मिळाला, हडप्पा लिपीची चिन्हं असलेल्या दोन बटणासारख्या मुद्रा मिळाल्या, मातीची मोजपट्टी मिळाली. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंच्या वर. पण त्या उत्खननाच्या थरात सापडल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल वाद आहे. धातूत आर्सेनिक निघाल्यावरून डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली, तर इतर काहींनी त्या उत्तर हडप्पा काळाच्याच मानल्या. दरवर्षी आम्ही वर्गाला दायमाबादला नेतो. तिथे पाहण्यासारखं काही नाही: पांढरीचं टेकाड, खापरांचे तुकडे, खाली नदी. काही उचलायचं नाही, अशी सक्त ताकीद असते. मुलं टेकाडावर बसून वही भरतात.

हे करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. आम्हाला साधारण चौदा तासिका लागतात. त्या प्रत्येक विषयाच्या ठरलेल्या पाठातूनच काढायच्या: गुणोत्तर, घनफळ, पर्जन्यमान हे तसंही शिकवायचं असतंच. सगळे विषय एकाच आठवड्यात कोंबू नका. वजनं वाळायला आणि मुलांना प्रश्न पडायला वेळ लागतो. इंग्रजी आणि शारीरिक शिक्षण आम्ही ओढूनताणून आणलं आणि सोडून दिलं. परीक्षेत मात्र अडचण येते. 'असं वाटतं' लिहिलं म्हणून आमच्या काही मुलांचे गुण कापले गेले. तेव्हापासून पाठ्यपुस्तकातलं उत्तर कसं लिहायचं, हेही वेगळं शिकवतो.

मी २०२१ मध्ये निवृत्त झाले. आता वर्षातून एकदा पहिल्या तासाला बोलावतात. मी फळ्यावर माझं जुनं वाक्य लिहिते: 'मोहेंजोदडोमध्ये एका दिवसात कत्तल झाली.' खाली लिहिते, 'हे मी अनेक वर्षं शिकवलं.' मग रकाना विचारते. पहिल्या तासाला सगळे हात 'सापडलं'साठी वर होतात, कारण बाईंनी फळ्यावर लिहिलंय. मी काही न बोलता खडू ठेवते. चौदा तासिका झाल्यावर तेच वाक्य पुन्हा विचारायचं काम गणिताच्या सरांचं.

त्या जुन्या विद्यार्थ्याची मुलगी या वर्गातून गेली. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा फोन आला होता. म्हणाला, "बाई, ती मला रोज विचारते, बाबा, तुमच्याकडे पुरावा काय?" मी त्याला सांगितलं, "तिला सांग, बाईंची चूक होती." ते वाक्य परत घ्यायला मला एवढाच रस्ता सापडला.