प्रवासातील इंटरनेट : कमी खर्चात काम कसे भागवावे?

(पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण पट्ट्यातील व्यापारी व कारागीर बांधवांसाठी)

धंदा म्हटला की फिरती आलीच. भोसरीच्या लेथवाल्याला नमुना घेऊन चाकणच्या कंपनीत जावे लागते. पिंपरीच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला मालासाठी मुंबई आणि राजकोट गाठावे लागते. वेल्डर आणि फॅब्रिकेटर तर आज तळवडे, उद्या महाळुंगे, परवा रांजणगाव असे कायम फिरतीवरच असतात. एके काळी खिशात एक डायरी आणि एसटीडी बूथसाठी सुटे पैसे असले की यांचे काम भागत असे. आता ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर येते, ऑर्डर ई-मेलवर येते, पैसे यूपीआयने येतात आणि मोठ्या रकमेचा माल असेल तर गाडी हलण्यापूर्वी ई-वे बिल काढावे लागते. वाटेत इंटरनेट बंद पडले तर धंदाही तेवढा वेळ बंद पडतो.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी भागातील भंगार दुकाने, गोदामे आणि लहान कारखान्यांच्या शेडवर मोठ्या प्रमाणावर पाडकाम केले. ज्यांचे बसण्याचे ठिकाण गेले, त्यांची तेथील ब्रॉडबँड जोडणीही गेली. अशा माणसाचे ऑफिस म्हणजे आता हातातला मोबाईल. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी मोबाईल कंपन्यांनी आपले दर वाढवले, तो बोजाही त्याच्यावरच आहे.

स्वस्त इंटरनेट म्हणजे फक्त स्वस्त पॅक नव्हे, असे आम्हाला वाटते. कोणते काम कोठे करायचे याचा हिशेब बसवला, तर त्याच पैशात दुप्पट काम होते. तो हिशेब कसा बसवावा, हे पुढे देत आहोत.

खर्च कशावर होतो ते आधी पाहा

धंद्याच्या खऱ्या कामाला डेटा फार थोडा लागतो. व्हॉट्सअॅपचा साधा मजकूर जवळजवळ फुकटातच जातो. एखादे पीडीएफ ड्रॉइंग दोन-तीन एमबीचे असते, म्हणजे एका जीबीत अशी तीन-चारशे ड्रॉइंग बसतात. यूपीआय, जीएसटीचे पोर्टल, बँकेचे अॅप यांनाही फारसा डेटा लागत नाही. डेटा संपतो तो व्हिडिओ पाहण्यात, व्हिडिओ कॉलमध्ये आणि फोन आपोआप करीत असलेल्या अपडेटमध्ये. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अॅपचे अपडेट आणि फोटोंचे बॅकअप 'फक्त वायफायवर' असे ठेवावे. व्हॉट्सअॅपवर येणारे फोटो व व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय मोबाईल डेटासाठी बंद करावी. ही दहा मिनिटांची कामे आहेत, पण महिनाअखेर त्यांचा फरक दिसतो. जे लागत नाही त्यावर पैसा घालवणे म्हणजे इस्राफ. तो दुकानात करीत नाही, तर फोनमध्ये तरी का करावा?

नंबर चालू ठेवा, डेटा वेगळा घ्या

अनेकजण बँक आणि जीएसटीला जोडलेल्या नंबरावरच महागडा डेटा पॅक घेतात. नंबर चालू ठेवणे आणि डेटा मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ओटीपी यायला इंटरनेट लागत नाही, एसएमएस लागतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले. जानेवारी २०२५ पासून असे पॅक बाजारात आले. त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते.

त्यामुळे दोन सिमचा फोन असेल तर एका सिमवर ओटीपीचा नंबर कॉल-एसएमएसच्या पॅकवर ठेवावा आणि दुसऱ्या सिमवर गरजेपुरता डेटा घ्यावा. रोज ठराविक डेटा देणाऱ्या पॅकमध्ये त्या दिवशी न वापरलेला डेटा मध्यरात्री बुडतो. आठवड्यातून दोनच दिवस फिरतीवर जाणाऱ्याला एकगठ्ठा डेटाचा पॅक परवडतो. दुसरे सिम घेण्यापूर्वी, आपण ज्या रस्त्यावर आणि ज्या कंपनीत नेहमी जातो तेथे कोणाचे नेटवर्क चालते हे तेथील ड्रायव्हरला विचारावे. जाहिरातीपेक्षा तो खरे सांगतो.

आपल्या पट्ट्यातील आणखी एक अडचण म्हणजे पत्र्याच्या शेड. लोखंडी पत्रा मोबाईलच्या लहरी अडवतो, त्यामुळे बाहेर रेंज असूनही आत फोन मुका होतो. अशा ठिकाणी वायफाय मिळत असेल तर फोनमधील 'वायफाय कॉलिंग' चालू करावे. ही सोय २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे आली. तिच्यामुळे नेहमीचा कॉल आपल्याच नंबरवरून वायफायमार्गे जातो.

रेल्वे स्थानकावरील वायफाय

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात रेलटेल आणि गुगल यांनी मोफत वायफाय सुरू केले. गुगलने २०२० मध्ये या योजनेतून अंग काढून घेतले, तरी रेलटेलने 'रेलवायर' या नावाने सेवा चालू ठेवली आणि ती देशातील सहा हजारांहून अधिक स्थानकांवर पोहोचली. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी भरायचा की दिवसाची पहिली ३० मिनिटे मोफत मिळतात. वेग मात्र १ एमबीपीएस, म्हणजे संथ. मार्च २०२१ मध्ये जास्त वेगाचे पैसे देऊन घ्यायचे पॅक जाहीर झाले. त्या वेळचा सर्वात लहान पॅक १० रुपयांत एका दिवसासाठी ५ जीबीचा होता, कर वेगळा. आजचा दर फोनवर जोडणी करताना समोर दिसतो, तो पाहूनच पैसे भरावेत.

पुणे-लोणावळा मार्गावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव ही स्थानके आहेत. लोकलची वाट पाहताना 'रेलवायर' हे नाव फोनमध्ये दिसते का ते पाहावे आणि जड कामे, म्हणजे ड्रॉइंग उतरवणे, कॅटलॉग पाठवणे, अपडेट, तेथेच उरकावीत. चाकणला मात्र रेल्वे स्थानक नाही. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, वासुली या भागात कामाला जाणाऱ्याने चिंचवड किंवा तळेगाव सोडण्यापूर्वीच फोन भरून घ्यावा. पुढे त्याला दुसरा मार्ग शोधावा लागतो.

पीएम-वाणी : पीसीओचा धाकटा भाऊ

हा दुसरा मार्ग म्हणजे पीएम-वाणी. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी या योजनेला मंजुरी दिली. जसे एके काळी पानपट्टीवाला किंवा किराणा दुकानदार पीसीओ चालवीत असे, तसेच आता कोणीही दुकानदार 'पब्लिक डेटा ऑफिस' म्हणजे पीडीओ चालवू शकतो. त्यासाठी त्याला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्कही लागत नाही. तो ब्रॉडबँड जोडणी घेतो, वायफायचे यंत्र बसवतो आणि एका एकत्रित सेवा देणाऱ्या संस्थेशी जोडून घेतो. ग्राहकाची ओळख पटवणे आणि हिशेब ठेवणे हे काम ती संस्था करते.

प्रवाशाने एवढेच करायचे की पीएम-वाणीचे एखादे अधिकृत अॅप उतरवून आपल्या नंबरने नोंदणी करायची. अॅप जवळची वायफाय ठिकाणे दाखवते. दर सरकारने ठरवलेले नाहीत, ते ठिकाणाप्रमाणे बदलतात. पाच-दहा रुपयांची लहान कूपनेही मिळतात. एका दिवसाचे काम असेल तर महिन्याचा पॅक भरण्यापेक्षा हे बरे पडते.

आम्हाला विशेष सांगायचे आहे ते दुकानदार बांधवांना. चाकणच्या कंपन्यांच्या दाराशी आपल्या लोकांची चहाची दुकाने, खानावळी, पंक्चर काढण्याच्या टपऱ्या आहेत. बाहेरगावचा ड्रायव्हर माल उतरवण्यासाठी तेथे तासन् तास थांबतो. त्याला घरी बोलायचे असते, मालकाला पावतीचा फोटो पाठवायचा असतो. पीडीओवाल्यांची मोठी तक्रार अशी होती की कंपन्या त्यांना घरगुती जोडणीऐवजी फार महाग व्यावसायिक जोडणी घ्यायला लावतात. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढून ही तक्रार बरीच दूर केली. २०० एमबीपीएसपर्यंतची जी घरगुती फायबर योजना असेल, तीच पीडीओला तिच्या दुपटीपेक्षा जास्त दर न लावता द्यावी, असे ठरले. यातून कोणी श्रीमंत होणार नाही. पण चहाबरोबर चार पैसे जास्त सुटतील आणि थांबलेले गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही. जोडणी घेण्यापूर्वी आपल्या गल्लीत फायबर आहे का, वीज किती वेळ जाते आणि दिवसाला किती लोक थांबतात हे मात्र मोजावे.

गाडी निघण्यापूर्वीची तयारी

सगळ्यात स्वस्त इंटरनेट म्हणजे वाटेत न लागलेले इंटरनेट. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. राज्याबाहेर जाताना मर्यादा ५० हजारांची आहे आणि जॉबवर्कसाठी राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला किंमत कितीही असली तरी ते लागते. बिलाची मुदत साधारणपणे प्रत्येक २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. ते घरूनच काढावे आणि त्याची प्रत छापून ड्रायव्हरकडे द्यावी. कागदावरची प्रत किंवा क्रमांकही चालतो, त्यासाठी वाटेत नेट चालू असण्याची गरज नाही. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर मात्र नव्या गाडीचा नंबर पोर्टलवर भरावाच लागतो. त्या वेळी ओटीपीचा नंबर ज्याच्याकडे आहे तो माणूस फोनवर सापडला पाहिजे, कारण एप्रिल २०२५ पासून पोर्टलवर ओटीपीशिवाय प्रवेश नाही. कागदपत्रांत खोट निघाली तर माल अडतो आणि कलम १२९ प्रमाणे कराच्या दुप्पट दंड बसू शकतो. त्यापुढे दहा रुपयांचे कूपन काहीच नाही.

गाडीचे आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवावे, रस्त्याचा नकाशाही आधीच उतरवून ठेवावा. पैशाची अडचण पडली तर *९९# ही सोय साध्या फोनवरही इंटरनेटशिवाय चालते. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आले. दोन्हींना रकमेची मर्यादा आहे, पण डिझेल आणि जेवणापुरते काम भागते. ही सोय घरी असतानाच एकदा वापरून पाहावी.

सावधगिरी

उघड्या वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. त्यासाठी दोन मिनिटे आपला मोबाईल डेटा चालू करावा. स्थानकाच्या नावासारखे नाव ठेवून फसवे वायफायही लावले जाते, म्हणून पासवर्ड, कार्डाचा नंबर किंवा बँकेचा ओटीपी मागणाऱ्या जोडणीपासून दूर राहावे. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० वर फोन करावा. दुसऱ्याचे वायफाय विचारल्याशिवाय वापरणे हे दुसऱ्याच्या नळाचे पाणी न विचारता भरण्यासारखेच आहे.

कंत्राटदार बांधवांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. गावाकडून आलेल्या कारागिरांना सोय म्हणून स्वतःच्या नावावर सिम काढून देण्याची पद्धत आहे. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे मर्यादेपेक्षा जास्त सिम नावावर असल्यास पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बहुतेक राज्यांत ही मर्यादा एका माणसाला नऊ सिमची आहे. शिवाय त्या नंबरावरून काही गैर झाले तर पोलीस प्रथम आपल्याच दारात येतात. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहता येते. अनोळखी नंबर असेल तर तेथेच कळवावे. ज्याचा आधार त्याचेच सिम, हा नियम पाळावा.

परदेशी जाताना

दुबई, चीन किंवा उमराहसाठी जाणाऱ्यांनी डेटा रोमिंग निघण्यापूर्वीच बंद करावे आणि कंपनीचा रोमिंग पॅक व तेथील स्थानिक सिम यांच्या दरांची तुलना करावी. ओटीपीचे एसएमएस तेथे येतील का, हेही इथेच विचारून घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपचा मजकूर चालतो, कॉल चालत नाहीत. चीनमध्ये व्हॉट्सअॅप आणि गुगल दोन्ही बंद आहेत. तेथील व्यापाऱ्याशी बोलण्याचे साधन आधीच ठरवून जावे.

व्यापारात दिलेला शब्द ही अमानत असते. चार वाजता ड्रॉइंग पाठवतो म्हटले तर ते चार वाजता गेले पाहिजे. नेट नव्हते ही सबब गिऱ्हाईक एकदा ऐकेल, दुसऱ्यांदा तो दुसरा कारागीर शोधेल. फिरतीवर निघण्यापूर्वी नंबर चालू आहे का, कागद सोबत आहेत का आणि जड काम कोठे उरकायचे, एवढे पाहून निघावे. खर्चही आटोक्यात राहील आणि शब्दही राहील, इन्शाअल्लाह.