वेणीची सावली

काही वर्षांपूर्वी बेळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या आत्याबाईंच्या छातीचा एक्स-रे काढला आणि उजव्या फुफ्फुसाच्या माथ्याशी एक लांबट छाया दिसली. खोकला पंधरा दिवसांचा, वय साठीच्या घरातले. क्षयाची शंका येणे स्वाभाविक होते. घरात बोलणे कमी झाले. आत्याबाईंनी आपणहून ताट-वाटी वेगळी केली आणि नातवाला जवळ घेणे सोडले. आठ दिवसांनी बेळगावात नेले. तेथील जुन्या तंत्रज्ञाने आधीची फिल्म खिडकीकडे धरून पाहिली आणि एवढेच म्हटले, "आजी, वेणी वर बांधा." दुसऱ्या चित्रात छाया नव्हती. खांद्यावरून पुढे आलेल्या जाड वेणीचीच ती सावली होती!

पहिल्या ठिकाणचे यंत्र वाईट नव्हते. तेथील तरुणाला कोणती कळ दाबावी हे शिकविले होते, रुग्णाकडे कसे पाहावे हे मात्र राहून गेले होते. छातीच्या चित्रापूर्वी गळ्यातले काढवावे, केस वर बांधवावेत, खांदे पुढे झुकवून पाठीची पाती फुफ्फुसांवरून दूर करावीत आणि दीर्घ श्वास धरावयास सांगावे. अर्धवट श्वासात फुफ्फुसांचा तळ धूसर दिसतो, हृदयही मोठे भासते. शिवाय हे सांगणे रुग्णाच्या भाषेत हवे. "श्वास रोखा" हे न कळलेली म्हातारी "उसिरु हिडियिरि" म्हणताच छाती भरून उभी राहते, हे आपल्या सीमाभागातील वाचकांस वेगळे सांगावयास नको.

ही अडचण जगभरची. १९७० नंतरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यावर एक विचारपूर्वक तोड काढली. यंत्रच असे घडवावयाचे, की चुकीला जागा थोडी उरावी. किरणांची नळी आणि फिल्मची पेटी एकाच ताठ भुजेच्या दोन टोकांना पक्की बसविली, मध्ये अंतर १४० सेंटिमीटर. नेम धरण्याची आणि अंतर मोजण्याची कटकटच मिटली. वीज बेभरवशाची असेल तेथे बॅटरीचा आधार. सोबत १९८५-८६ मध्ये तीन पुस्तिका निघाल्या: एक चित्र घेण्याची, एक अंधाऱ्या खोलीतील कामाची, एक सामान्य डॉक्टरांनी चित्र वाचावे कसे याची. तिन्हींच्या लेखकांत आफ्रिकेत काम केलेले डॉ. फिलिप पामर होते. रुग्णाला कसे उभे करावे, फिल्म कोणत्या मापाची घ्यावी, हे त्यांत आकृत्या काढून दाखविले आहे. मात्र सोपे यंत्र दिले म्हणजे शिकविण्यातून सुटलो, असे ज्यांना वाटले ते फसले. वेणी बाजूला करणारी भुजा अद्याप निघालेली नाही.

फिल्म हा तसा कडक मास्तर होता. किरण जास्त झाले की ती काळी पडे, कमी झाले की फिकी. डेव्हलपर उन्हाळ्यात तापला की तीही गोष्ट लपत नसे. शिकणाऱ्याला आपली चूक घटकाभरात डोळ्यांनी दिसे आणि वाया गेलेल्या फिल्म टोपलीत मोजता येत. आता चित्र संगणकावर उमटते. किरण कमी पडले तर ते दाणेदार दिसते, जास्त पडले तरी देखणेच येते. साहजिकच हात हळूहळू जास्तीकडे झुकतो आणि रुग्णाच्या अंगावर किती किरण पडले हे कोणाच्या ध्यानात येत नाही. फसलेले चित्र एका कळीसरशी पुसले जाते. माझ्या मते लहान रुग्णालयात कोणते चित्र का टाकावे लागले याची रोज वही ठेवणे आणि आठवड्यातून एकदा ती जाणत्या माणसापुढे उघडणे, याहून स्वस्त शिक्षण नाही. वही मात्र शिक्षेसाठी वापरू नये. नाहीतर ती कोरीच राहील.

७ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या देशात क्षयरुग्ण शोधण्याची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा हातात मावणारी एक्स-रे यंत्रे खेड्यांपर्यंत गेली. छातीचे चित्र संगणकाकडून तपासून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या बाबतीत २०२१ मध्येच मान्यता दिली आहे. तज्ज्ञ डॉक्टर कोसोकोस नसलेल्या गावी हे वरदानच होय. पण संगणकापुढे चित्र येते, बाई येत नाही. तिची वेणी कोठे आहे हे तिच्यासमोर उभ्या असलेल्या तंत्रज्ञालाच पाहावे लागते.

आत्याबाई त्यानंतर दोनदा एक्स-रेला गेल्या, दोन्ही वेळा घरूनच उंच अंबाडा घालून. रांगेतल्या बायकांनाही त्या केस वर बांधावयास लावीत होत्या.