विकायला बंदी, वापरायला नाही
युरोप : देह आणि कायदा – लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण स्वीडनमध्ये होतो. तिथे शाळेतलं लैंगिक शिक्षण १९५५ साली सक्तीचं झालं. त्याच वर्षी डब्लिनच्या औषधाच्या दुकानात कुणी कंडोम मागितला असता, तर तो देणारा दुकानदार गुन्हेगार ठरला असता. आयर्लंडमध्ये १९३५ च्या फौजदारी कायद्यातल्या १७ व्या कलमानं गर्भनिरोधकांची विक्री, जाहिरात आणि आयात बंद केली होती. त्याआधी १९२९ च्या सेन्सॉर कायद्यानं या विषयाची भलामण करणाऱ्या छापील मजकुरावरही बंदी आणली होती.

मात्र गर्भनिरोधक वापरणं हा गुन्हा नव्हता. ते कुठून आणायचं, एवढंच कायद्यानं सांगितलं नव्हतं. पुढची पन्नासेक वर्षं हा देश या एका फटीत राहिला. चर्चचं वजन मोठं होतं, हे खरंच. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम साधनांना ठाम नकार दिला, तेव्हा ते आणखी वाढलं. पण सगळं खापर चर्चवर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. फटीची सोय अनेकांना मानवत होती. सभागृहात नीती सांभाळली जायची आणि घरात ज्याचं तो बघून घ्यायचा.

गोळीचंच घ्या. १९६० च्या दशकात ती आली. गर्भनिरोधक म्हणून ती विकता येत नव्हती, पण पाळी नियमित करणारं औषध म्हणून डॉक्टर लिहून देऊ शकत होते. झालं! आयरिश बायकांइतकी अनियमित पाळी जगात कुणाचीच नसेल, असा विनोद तिथे रूढ झाला. १९६९ मध्ये डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमध्ये काही डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी दवाखाना काढला. त्याचं नाव होतं ‘फर्टिलिटी गायडन्स कंपनी’. पुढे त्याचीच आयरिश कुटुंब नियोजन संघटना झाली. विक्रीला बंदी, म्हणून इथे काहीच विकलं जात नसे. साधनं ‘फुकट’ मिळत आणि घेणारी व्यक्ती जाताना ‘देणगी’ ठेवून जाई.

पळवाटा अशा पुष्कळ होत्या. फक्त त्या वापरायला ओळखीचा समजूतदार डॉक्टर लागायचा, जवळ शहर लागायचं, हातात चार पैसे लागायचे. ज्यांच्याकडे यातलं काही नव्हतं त्यांच्या घरी दर वर्षा-दीड वर्षानं पाळणा हलत होता.

२२ मे १९७१ ला डब्लिनच्या कॉनली स्थानकातून स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका बेलफास्टच्या गाडीत बसल्या. बेलफास्ट ब्रिटनच्या हद्दीत, तिथे सगळं राजरोस मिळत होतं. कंडोम आणि शुक्राणुनाशक जेली सहज मिळाली. गोळ्या मात्र चिठ्ठीशिवाय मिळेनात. मग त्यांनी ॲस्पिरिनची पाकिटं घेतली. कस्टम्सच्या माणसांना गोळी-गोळीतला फरक थोडाच कळणार होता! संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा फलाटाबाहेर समर्थकांची गर्दी आणि कॅमेरे होते. बायकांनी माल लपवला नाही, उलट उंच धरून दाखवला. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत काहींनी ‘गोळ्या’ गिळल्या. अधिकारी बिचारे कानकोंडे झाले. जप्त करावं तर तमाशा, न करावं तर कायदा गेला. त्यांनी नजर खाली घातली आणि सगळ्यांना जाऊ दिलं. नेल मॅककॅफर्टी, मेरी केनी अशा पत्रकारच त्या गाडीत असल्यामुळे बातमी दडपली जाण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी कायद्यातलं एक अक्षरही बदललं नाही. कायदा राबवायला कुणी धजावत नाही, हे मात्र सगळ्या देशानं पाहिलं.

न्यायालयातली लढाई लढली ती एका मच्छीमाराच्या बायकोनं. मेरी मॅकगी डब्लिनच्या उत्तरेला स्केरीज गावी राहायची. पदरात चार मुलं, त्यात जुळी. गरोदरपणात मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन ती मरता मरता वाचली होती; पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी डायफ्रॅम बसवून दिला आणि सोबत लागणारी जेली इंग्लंडहून मागवायला सांगितली. पार्सल कस्टम्सनं अडवलं. दुसऱ्या कुणी ते बेलफास्टहून पिशवीत घालून आणवलं असतं. हे जोडपं कोर्टात गेलं. हायकोर्टात हरलं. डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं निकाल दिला : पती-पत्नीच्या खासगी आयुष्यात शिरायचा सरकारला अधिकार नाही, आयातबंदी घटनाबाह्य आहे.

निकालात ‘पती-पत्नी’ होते, म्हणून राजकारण्यांनी तेवढेच दोन शब्द धरून ठेवले. पुढच्या वर्षी सरकारनं विधेयक आणलं आणि पंतप्रधान लिअम कॉसग्रेव्ह यांनी कुणाला कल्पना न देता स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिलं. विधेयक पडलं. १९७९ मध्ये आरोग्यमंत्री चार्ल्स हॉही यांनी तोडगा काढला. ‘प्रामाणिक कुटुंब नियोजनासाठी’ गर्भनिरोधकं मिळतील, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि औषधाच्या दुकानातच. कंडोमलाही चिठ्ठी! आयरिश प्रश्नाला आयरिश उत्तर, असं त्यांनी त्याचं वर्णन केलं. त्यांना ते बहुधा कौतुकानं म्हणायचं होतं. आज तिथे ते शब्द टिंगलीसाठीच वापरतात.

१९८५ मध्ये अठरा वर्षांवरच्यांची कंडोमसाठीची चिठ्ठी सुटली. त्या विधेयकाच्या विरोधात मत द्यायला नकार दिला म्हणून डेस्मंड ओ’मॅली यांना फियाना फॉल पक्षानं काढून टाकलं आणि वर्ष संपायच्या आत त्यांनी नवा पक्ष उभा केला.

तरीही विक्री कुठे करायची यावर बंधनं होतीच. एड्सची भीती पसरलेल्या त्या काळात कुटुंब नियोजन संघटनेनं डब्लिनच्या व्हर्जिन मेगास्टोअरमध्ये, गाण्यांच्या रेकॉर्ड घ्यायला तरुण पोरं येतात तिथेच, कंडोमचा काउंटर मांडला. खटला झाला, १९९० मध्ये ४०० पौंडांचा दंड. संघटना अपिलात गेली तर दंड कमी व्हायच्या ऐवजी ५०० पौंड झाला. तो ‘यू टू’ या रॉक बँडनं भरला. दंड भरणारे जगप्रसिद्ध आणि गुन्हा काय, तर कंडोम विकला! सरकारचं हसं झालं. १९९३ पर्यंत कायदा इतका सैल झाला की कंडोम यंत्रातूनही मिळू लागले.

या गोष्टीतली माणसं मला आवडतात ती यासाठी की पळवाट समोर असून त्यांनी ती घेतली नाही. गाडीतल्या बायकांना माल पर्समध्ये लपवता आला असता, संघटनेला देणगीची पेटी पुढेही चालवता आली असती. आयर्लंडमध्ये कायदा हलला तो प्रत्येक वेळी कुणीतरी पुढच्या दारानं, राजरोस गेल्यावर. सप्टेंबर २०२२ पासून तिथलं सरकार १७ ते २५ वयाच्या मुलींना गर्भनिरोधकं मोफत देऊ लागलं. ही वयोमर्यादा नंतर ३५ पर्यंत नेली. डॉक्टरची भेटही त्यात धरलेली आहे.

पण मॅकगी निकालानं काही मंडळी धास्तावली होती. खासगीपणाचा हाच हक्क उद्या गर्भपातापर्यंत जाईल, या भीतीतून १९८३ ची आठवी घटनादुरुस्ती आली. तिनं आईच्या आणि गर्भाच्या जगण्याच्या हक्काला एकाच तागडीत बसवलं. २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात वारलेल्या, बेळगावात वाढलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचं प्रकरण आणि २०१८ चं सार्वमत त्याच दुरुस्तीच्या पोटातलं आहे. त्या दुरुस्तीकडे पुढच्या लेखांकात वळू.