‘ट्रॅक्टर कसा आहे?’ हा संशोधनाचा प्रश्न का नाही



नेट झाली, पेट झाली, गाईडही मिळाले. आता सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिला अडथळा येतो तो प्रश्नाचा. विषय असतो, पण प्रश्न नसतो. माझंही तेच झालं होतं. मी मुळात एमएस्सी फिजिक्सची, आता काम करते मातीच्या घट्टपणावर. प्रश्न कसा घडवायचा हे मला लायब्ररीपेक्षा मामांच्या ट्रॅक्टरने जास्त शिकवलं, म्हणून आज तेच उदाहरण घेऊ.

मामांचा ट्रॅक्टर

मामांची निफाडकडे द्राक्षबाग आहे, मांडव पद्धतीची. मोठा ट्रॅक्टर मांडवाखाली शिरला की वर काड्यांना लागतो आणि बाजूला ओलांड्यांना. म्हणून बागेत मिनी ट्रॅक्टर लागतो. या आकारात राजकोटची कॅप्टन, बंगळुरूची व्हीएसटी अशा कंपन्या आहेत, महिंद्रा, स्वराज, कुबोटा यांचीही छोटी मॉडेल्स आहेत. मामांनी यातलं काहीच घेतलं नाही. त्यांनी घेतला बाहेरून सुटे भाग आणून इथे जोडलेला, फारसं कुणी नाव न ऐकलेला एक ट्रॅक्टर. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. रुंदीला कमी, उंचीला बुटका, वळायला झकास आणि किमतीलाही हलका.

तीन वर्षं उत्तम चालला. मग एका ऑक्टोबरात, गोडी छाटणीनंतर फुटी निघालेल्या असताना पाऊस आला आणि त्याच आठवड्यात क्लचप्लेट गेली. डीलरने दुकान बंद केलेलं. प्लेट यायला अकरा दिवस लागले. डावणी अकरा दिवस थांबत नाही. मजूर लावून, पाइप ओढून हाताने फवारणी केली, तरी पाऊण एकरातले घड गेले.

दिवाळीत मी विचारलं, “मामा, ट्रॅक्टर कसा आहे?”

“अगं, एक नंबर! असा ट्रॅक्टर पंचक्रोशीत नाही.”

मामा खोटं बोलत नव्हते. माझा प्रश्नच चुकीचा होता. तो तीन ठिकाणी चुकतो, एकेक बघू.

पहिली चूक: एका आकड्यावर विश्वास

ट्रॅक्टरची तुलना म्हटलं की आपण एचपी बघतो. पण एचपी इंजिनची असते आणि काम होतं मातीत. ट्रॅक्टर किती ओढणार हे शेवटी त्याचं वजन आणि चाकांची मातीवरची पकड ठरवते. पकड सुटली की चाकं जागेवर फिरतात, इंजिन कितीही दमदार असो.

साधं गणित करू. धरा, ट्रॅक्टरचं वजन 800 किलो, आणि नांगरलेल्या रानात तो वजनाच्या 0.4 पट ओढतो. म्हणजे 320 किलोचा ओढ, साधारण 3.1 किलोन्यूटन. वेग ताशी 4 किमी. ओढ गुणिले वेग भागिले 3.6 केलं की किलोवॅट मिळतात: साधारण 3.5, म्हणजे पावणेपाच एचपी. इंजिनवर लिहिलंय 18!

मग हा ट्रॅक्टर वाईट का? नाही. नांगरटीला तो दुबळा आहे. पण ब्लोअर चाकांच्या ओढीवर चालत नाही, तो पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. तिथे इंजिनची बरीचशी ताकद थेट वापरता येते आणि हलकं वजन उलट फायद्याचं ठरतं, कारण ओळीतली माती कमी दाबली जाते. म्हणजे एकच यंत्र एका कामाला कमकुवत आणि दुसऱ्याला योग्य. ‘चांगला’ हा शब्द कामाशिवाय मोजता येत नाही. तुमच्या विषयातही ‘प्रभावी’, ‘उत्तम’, ‘परिणामकारक’ असे शब्द असतील. प्रत्येकापुढे लिहा: कशासाठी?

दुसरी चूक: फक्त मालकाला विचारणं

समजा, तुम्ही अशा वेगळ्या वाटेच्या ट्रॅक्टरांचा सर्व्हे केलात. पन्नास मालक गाठले, पंचेचाळीस जण म्हणाले ‘समाधानी’. निष्कर्ष काय?

आधी हे बघा की ज्यांनी वैतागून ट्रॅक्टर विकला, ते तुमच्या यादीत नाहीतच. टिकून राहिलेलेच तुम्हाला भेटले. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात.

दुसरं, जे भेटले त्यांचंही मत खरेदीनंतर बदललेलं असतं. लिऑन फेस्टिंगरने 1957 मध्ये मांडलेला कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धांत हेच सांगतो: निर्णय घेतल्यावर माणूस त्या निर्णयाच्या बाजूचे पुरावे गोळा करू लागतो. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात नवी गाडी घेतलेले लोक न घेतलेल्या गाड्यांपेक्षा स्वतः घेतलेल्या गाडीच्याच जाहिराती जास्त वाचताना आढळले. चारचौघांपेक्षा वेगळी वस्तू घेतलेल्याला तर गावाला उत्तरही द्यायचं असतं. मामांचा ‘एक नंबर’ त्यातूनच आला होता, असं मला वाटतं.

म्हणून मत विचारू नका, घटना विचारा. ‘समाधानी आहात का’ याऐवजी ‘गेल्या हंगामात किती वेळा बंद पडला, प्रत्येक वेळी किती दिवस, तेव्हा शेतात कोणतं काम चालू होतं’. आणि ज्यांनी विकला त्यांनाही शोधा. डीलरकडे, जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात ते सापडतात.

तिसरी चूक: दोन गोष्टी एकच समजणं

लोक म्हणतात, “नावाजलेल्या कंपनीचाच घ्यावा.” यात ब्रँड आणि दुरुस्तीची सोय हे दोन वेगळे व्हेरिएबल एकत्र बांधलेत. ते सुटे करता येतात का?

गुजरातचं उदाहरण घ्या. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी 1990 च्या दशकात ‘बुलेट सांती’ बनवली. मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा आणि औजारं जोडायची दांडी बसवली. यापेक्षा वेगळ्या वाटेचं यंत्र काय असणार! पण बुलेट आणि छकडा रिक्षा दुरुस्त करणारे मेकॅनिक सौराष्ट्रात सहज मिळतात. म्हणजे कंपनीचं नाव नाही, तरी दुरुस्ती जवळच. याउलट मामांचा ट्रॅक्टर दिसायला अगदी रीतसर, पण क्लचप्लेटला अकरा दिवस.

आता एक काल्पनिक गणित. हंगाम 130 दिवसांचा. ‘अ’ दोनदाच बंद पडतो, पण प्रत्येक वेळी 11 दिवस. ‘ब’ चारदा बंद पडतो, पण एकेक दिवस. ‘अ’ 108 दिवस हाताशी असतो, म्हणजे 83 टक्के. ‘ब’ 126 दिवस, म्हणजे 97 टक्के. जास्त वेळा बिघडणारं यंत्र जास्त उपलब्ध! नुसते बिघाड मोजले असते तर निष्कर्ष उलटा आला असता.

हे शंभर वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला कळलं होतं

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. त्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. तो हेन्री फोर्डचा नव्हता, मिनियापोलिसच्या एका भलत्याच कंपनीने ते नाव लावलं होतं. तो चालेना. मग घेतलेला ‘बुल’ही चालेना. शेवटी रुमेली कंपनीचा ट्रॅक्टर मात्र सांगितल्यापेक्षा जास्त काम करू लागला. पुढे क्रोझियर विधिमंडळात निवडून गेला आणि 1919 मध्ये नेब्रास्कात कायदा झाला: ट्रॅक्टर विकायचा तर आधी राज्य विद्यापीठात चाचणी. 1920 मध्ये वॉटरलू बॉय हा चाचणी झालेला पहिला ट्रॅक्टर.

या कायद्यात आणखी एक अट होती, आणि मला तीच सगळ्यात शहाणी वाटते: कंपनीने राज्यात सर्व्हिस स्टेशन आणि पुरेसे सुटे भाग ठेवले पाहिजेत. दोनदा पोळलेल्या माणसालाच असं सुचतं.

आपल्याकडे मध्य प्रदेशात बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. पीटीओची ताकद, ओढ, चाकांची घसरण, डिझेलचा खप, सगळं रिपोर्टमध्ये असतं. विषय यंत्राचा असेल तर हे रिपोर्ट वाचायला शिका. पण तुमच्या तालुक्यात क्लचप्लेट मिळते का, हे त्यात नसतं. जिथे रिपोर्ट थांबतो, तिथे तुमच्या संशोधनाला जागा असते.

मग प्रश्न कसा लिहायचा?

आधी होता: ‘वेगळ्या वाटेचे मिनी ट्रॅक्टर चांगले की मोठ्या कंपन्यांचे?’

आता असा: ‘निफाड तालुक्यातल्या मांडव पद्धतीच्या द्राक्षबागांत, छाटणी ते काढणी या काळात, सुटा भाग मिळण्याचं अंतर आणि ट्रॅक्टर बंद राहिलेले दिवस यांचा काय संबंध आहे?’

ठिकाण आलं, काम आलं, काळ आला, मोजता येणाऱ्या दोन गोष्टी आल्या. ब्रँडचं नाव प्रश्नातून गेलं. तो आता नोंदवायचा एक व्हेरिएबल आहे, निकाल नाही.

मागच्या उन्हाळ्यात मामांनी विचारलं, “काय करू, विकून मोठ्या कंपनीचा घेऊ?” मी म्हटलं, “मामा, आधी सांगा, आजवर काय काय गेलं आणि किती दिवस अडलं?” यादी केली तर अडलेल्या दिवसांतले बहुतेक तीनच भागांमुळे होते: क्लचप्लेट, पीटीओचं सील आणि हायड्रॉलिकचा पाइप. मामांनी तिन्ही आणून शेडमध्ये ठेवले. ट्रॅक्टर तोच आहे. यंदा सील पुन्हा गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ब्लोअर बागेत होता.

आता तुम्ही एक करा. तुमच्या सिनॉप्सिसमधला मुख्य प्रश्न कागदावर लिहा. त्यातला ‘चांगला’च्या जातीचा शब्द शोधा आणि तो खोडून त्या जागी काय मोजणार ते लिहा. जमलं नाही, तर गाईडकडे जाण्याआधी त्या विषयातल्या एखाद्या मामांना भेटून या.